तळं वाचलं, वस्ती गेली: ओहायोतले महामार्ग आणि त्यांवरची भांडणं

(कोलंबसमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज इथे कुणी शेजारच्या डब्लिनहून आलंय, कुणी पॉवेलहून, दोन-तीन कुटुंबं तर थेट सिनसिनाटीकडच्या मेसनहून आली आहेत. कुठल्या रस्त्याने आलात असं मी विचारत नाही. आय-७१ नाहीतर आय-२७०, म्हणजे आंतरराज्य महामार्गच; तिसरं उत्तर येणार कुठून? आपण या राज्यात आलो, नोकरी धरली, शाळा बघून उपनगरात घर घेतलं. महामार्ग काय, तो होताच. पण यातला एकेक मैल कुणीतरी कागदावर आखला होता आणि बहुतेक ठिकाणी त्याला कुणीतरी विरोधही केला होता. काहींचा विरोध ऐकला गेला, काहींचा नाही. आज मला बोलायचंय ते एवढ्याबद्दलच. रस्ते चांगले की वाईट या वादात मी पडत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, रस्त्यांवरच माझं पोट आहे.

सुरुवात क्लीव्हलंडपासून करू. शहराच्या पूर्वेला शेकर हाइट्स नावाचं उपनगर आहे. शेकर हा एक ब्रह्मचारी ख्रिस्ती पंथ. त्यांनी १८२६ मध्ये गिरणी चालवायला डोन ब्रूक या ओढ्याला बांध घातला, पुढे १८५० नंतर आणखी एक. ब्रह्मचाऱ्यांचा पंथ, तेव्हा वंश काही वाढला नाही. १८८९ मध्ये वसाहत बंद पडली. तळी तेवढी राहिली. विसाव्या शतकात व्हॅन स्वेरिंगन बंधूंनी त्या परिसरात आखीवरेखीव, श्रीमंती उपनगर वसवलं, शहरात जायला स्वतःची रेल्वे टाकली, आणि तळ्यांभोवतीची झाडी बागेसारखी राखली गेली.

१९६३ च्या अखेरीस काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, अभियंता अल्बर्ट पोर्टर यांनी नकाशा मांडला. फ्रीवे म्हणजे सिग्नल नसलेला वेगवान महामार्ग. क्लार्क फ्रीवे हा पूर्वेकडून येऊन या झाडीतून शहराकडे जाणार, ली फ्रीवे त्याला उत्तर-दक्षिण छेदणार, आणि दोघांची गाठ पडणार बरोबर तळ्यांवर. इंटरचेंज, म्हणजे चारी बाजूंनी चढ-उताराचे जोडरस्ते, रॅम्प. हे पोर्टर साधंसुधं प्रकरण नव्हतं बरं का. १९५३ मध्ये काउंटीच्या मतदारांनी क्लीव्हलंडच्या मध्यभागी भुयारी रेल्वेसाठी साडेतीन कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले होते. पोर्टर त्याच्या विरोधात उभे राहिले आणि १९५९ पर्यंत ती योजना बासनात गेली. मतदारांनी मंजूर केलेलं काम ज्याने अडवून दाखवलं, तो माणूस आता फ्रीवे आणत होता. त्यांना कुणी विचारलं, तळ्यांचं काय? ते म्हणाले, हे चार आण्याचं बदकांचं तळं आहे.

बोलून बसले आणि फसले. कारण त्या तळ्याकाठी फिरायला जाणाऱ्या बायका होत्या, आणि त्या बायकांची बागकाम मंडळं होती. आपल्याकडे भिशी असते, भजनी मंडळ असतं, तसे तिकडे गार्डन क्लब. असे पस्तीस क्लब एकत्र आले. यांच्याकडे वेळ होता, पैसा होता, बैठक कशी घ्यायची आणि पत्र कुणाला लिहायचं याचा सराव होता. घराघरांत वकील होते, डॉक्टर होते, बँकवाले होते. त्यांनी नुसत्या सह्या गोळा केल्या नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी रस्त्याच्या नियोजित रेषेतच निसर्ग शिक्षण केंद्र उभं केलं. शाळांची मुलं तिथे यायला लागली. आता फ्रीवे बांधायचा तर मुलांच्या शाळेवर बुलडोझर घालावा लागणार! मला ही चाल फार आवडते. नकाशावरच्या रेषेला त्यांनी जमिनीवर उत्तर दिलं.

फेब्रुवारी १९७० मध्ये गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांनी योजना मागे घेतली. तळी तेव्हा वाचली, केंद्र आजही आहे. क्लीव्हलंडला गेलात तर लाकडी पायवाटेवरून चक्कर मारून या. सगळे म्हणतात, नागरिकांचा विजय. खरंच आहे. पोर्टरांच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे: पूर्वेच्या त्या उपनगरांतून गाडीने शहराच्या मध्यभागी जायला आजही सिग्नलमागून सिग्नल पार करावे लागतात. फ्रीवेची गरज त्यांनी हवेतून काढली नव्हती. आणि तो फ्रीवे शेकर हाइट्सच्या अलीकडे शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतूनही जाणार होता, म्हणजे तळ्यामुळे त्या वस्त्याही तेव्हा वाचल्या. पण या लढ्याची गोष्ट सांगताना वस्त्यांचं नाव कुणी घेत नाही, तळ्याचं घेतात.

आता त्याच दशकातल्या सिनसिनाटीला चला.

सिनसिनाटीच्या वेस्ट एंड भागात केन्यन-बार नावाची वस्ती होती. केन्यन आणि बार ही तिथल्या दोन रस्त्यांची नावं. विटांच्या चिकटून उभ्या इमारती, खाली दुकान, वर बिऱ्हाडं, चर्च, न्हाव्याची दुकानं, गाण्याचे क्लब. पंचवीस हजारांहून जास्त माणसं राहत होती, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. १९४८ च्या शहर आराखड्यात हा भाग जीर्ण ठरवून साफ करायचं ठरलं. काही जागा आज ज्याला आपण आय-७५ म्हणतो त्याला, बाकीची कारखान्यांना. घरं मोडकळीला आली होती का? पुष्कळशी आली होती. पण का आली होती? तिसाच्या दशकात सरकारी नकाशांवर असल्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, मग तिथे घरासाठी कर्ज मिळेना, कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किंमत नाही. आणि किंमत नाही म्हणून रस्ता तिथूनच स्वस्तात पडतो! अभियंत्याच्या गणितात हे अगदी बरोबर बसतं. पाणी कुठे मुरतंय ते त्या गणितात दिसत नाही.

पाडण्याआधी पालिकेने तिथल्या इमारतींचे फोटो काढून ठेवले. हे फोटो सिनसिनाटीच्या संग्रहालयात आहेत आणि जरूर बघण्यासारखे आहेत. प्रत्येक फोटोत घरासमोर एक माणूस हातात पाटी धरून उभा आहे, पाटीवर आकडे. मालमत्तेची नोंद म्हणून काढलेले फोटो, त्यात भावना शोधू नये. पण मागे खिडकीत कुणीतरी वाकून बघतंय, पायरीवर पोरं बसली आहेत, एक बाई दारात हात कमरेवर ठेवून फोटोग्राफरकडे रोखून बघते आहे. फोटो काढणाऱ्याला इमारत हवी होती, माणसं आपोआप आली.

या लोकांनी विरोध केला नाही का? केला. पण बहुतेक भाडेकरू. मालकाला भरपाई मिळाली, भाडेकरूला मिळणारी मदत जुजबी. इथे दोन सालं शेजारी ठेवून बघा. महामार्गासाठी सार्वजनिक बाग घ्यायची असेल तर आधी दुसरा पर्याय नाही हे दाखवा, असं सांगणारा केंद्र सरकारचा कायदा १९६६ चा. उठवलेल्या माणसाला, भाडेकरूलाही, दुसरं घर शोधायला नीट मदत आणि पैसे द्या असं सांगणारा सर्वंकष कायदा १९७० चा. बागेचा नंबर आधी लागला. आणि केन्यन-बार तोवर केव्हाच सपाट झालं होतं.

त्या जागेला नवं नाव मिळालं, क्वीन्सगेट. गोदामं आली, पार्किंग आलं, आणि महामार्ग. उठवलेली माणसं अव्हनडेलसारख्या भागांत गेली, तिथे गर्दी झाली. मग आय-७१ आला तो अव्हनडेलला चिरत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसलाच प्रकार.

जून २०२३ मध्ये सिनसिनाटीच्या नगर परिषदेने या सगळ्याबद्दल अधिकृत माफी मागितली. पासष्ट वर्षांनी. माफी मागितली हे चांगलंच. पण वेस्ट एंडचा जो भाग शिल्लक होता तिथे २०२१ मध्ये फुटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहिलं, त्यासाठी शाळेचं मैदान हलवावं लागलं, आसपासची भाडी वाढतील म्हणून लोक आरडाओरडा करत होते, तेही आपण विसरू नये.

मग प्रश्न येतो, शहरांनी हे का होऊ दिलं? महापौरांना आपलंच शहर मोडायचं होतं का? उलट. त्यांनीच हे मागून घेतलं. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गाच्या खर्चाचा नव्वद टक्के वाटा केंद्र सरकार देऊ लागलं. उरलेला राज्याने घालायचा. शहराच्या खिशाला जवळजवळ तोशीस नाही. मुख्य बाजारपेठेतले व्यापारी म्हणत होते, उपनगरातली गिऱ्हाइकं आता गाडीत बसून थेट दुकानाच्या दारात येतील. रस्ता दोन्ही बाजूंना जातो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. क्लीव्हलंडची लोकसंख्या १९५० मध्ये ९,१४,८०८ होती, २०२० च्या जनगणनेत ३,७२,६२४. सगळा दोष रस्त्याचा नाही. पोलादाचे कारखाने बंद पडले, गोरी कुटुंबं शाळांच्या भांडणात शहर सोडून गेली. पण जायला सोय लागते, ती सोय नव्वद टक्के सवलतीत मिळाली होती.

ओहायोत आणखी एक खास गोष्ट आहे आणि ती आपल्याला पेट्रोल पंपावर भेटते. गॅलनमागे साडेअडतीस सेंट राज्याचा कर. २०१९ पर्यंत अठ्ठावीस होता. हा पैसा बसला, रेल्वेला वापरता येत नाही, कारण राज्यघटनेत तशी तरतूद १९४७ मध्ये मतदारांनीच घालून ठेवली आहे: इंधनाचा कर आणि वाहन नोंदणीचं शुल्क फक्त रस्त्यांसाठी. त्यामुळे होतं काय, की रस्ता वाढवायचा असला की पैसे तयार असतात, आणि बसची एखादी मार्गिका करायची तर निवडणूक लढवावी लागते. तुमच्यातल्या ज्यांना मताधिकार आहे त्यांना नोव्हेंबर २०२४ ची मतपत्रिका आठवत असेल. कोलंबसच्या बससेवेसाठी अर्धा टक्का विक्रीकर वाढवायचा की नाही. तो प्रस्ताव मंजूर झाला, म्हणून आता फ्रँकलिन काउंटीत आपण आठ टक्के भरतो. क्लीव्हलंड, कोलंबस, डेटन आणि सिनसिनाटी जोडणाऱ्या रेल्वेला २०१० मध्ये केंद्राने चाळीस कोटी डॉलर देऊ केले होते. नवनिर्वाचित गव्हर्नर जॉन केसिक यांनी ते नको म्हणून सांगितलं, आणि पैसे दुसऱ्या राज्यांना गेले. मला विचाराल तर तो करंटेपणा होता. गाडी सावकाश धावणार होती हे मान्य, पण धावणार होती.

क्लीव्हलंडकडे परत येतो, कारण गोष्ट १९७० ला संपली नाही. क्लार्क फ्रीवे रद्द झाला, पण त्याचा शहराकडचा तुकडा पुढे आय-४९० म्हणून बांधला गेला आणि ईस्ट ५५ या रस्त्यापाशी येऊन एकदम थांबला. गाडीने तिथे गेलं की महामार्ग संपायचा आणि समोर सिग्नल. वर्षानुवर्षं तसंच. पलीकडे दोन-तीन मैलांवर क्लीव्हलंड क्लिनिक हे मोठं रुग्णालय, विद्यापीठ, संग्रहालयं, म्हणजे शहरातला सगळ्यात मोठा रोजगार. मधे रिकामे प्लॉट, बंद कारखाने आणि उरलीसुरली घरं. या भागाला लोक विसरलेला त्रिकोण म्हणायचे. तर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये या मधल्या भागातून नवा रस्ता पूर्ण झाला. त्याचं नाव ऑपॉर्च्युनिटी कॉरिडॉर, संधीचा रस्ता. फ्रीवे नाही, ताशी पस्तीस मैलांचा, सिग्नल असलेला, कडेला चालायला आणि सायकलला पट्टा. सुमारे तीन मैल. पैसा मोठ्या प्रमाणात टर्नपाइक या राज्याच्या टोल-रस्त्याच्या टोलवर काढलेल्या रोख्यांतून.

वाद पेटला तो नावावरूनच: संधी कुणाला? उपनगरातल्या डॉक्टरला क्लिनिकपर्यंत जायला दहा मिनिटं कमी लागतील, पण ज्या वस्तीतून रस्ता जातो तिथे अनेक घरांत गाडीच नाही. त्यांना हवी होती वारंवार येणारी बस आणि चालत जाता येईल असं किराणा दुकान. समर्थक म्हणत होते, रस्ता आला की कारखाने येतील, स्थानिकांना काम मिळेल. मला दोघांचंही म्हणणं पटतं, पण एक गोष्ट खटकते. सार्वजनिक सुनावण्या झाल्या, भरपूर झाल्या. मात्र रस्ता हवा का, हा प्रश्न तिथे नव्हताच. पदपथ किती फुटांचा, झाडं कुठली, चौकात सिग्नल की पूल, यावर चर्चा. मूळ रेषा आधीच ठरलेली. वरातीमागून घोडं यालाच म्हणतात. बागकाम मंडळाच्या बायकांचं यश हे, की त्या रेषा सुकण्याआधी पोचल्या.

आता कोलंबस, नाहीतर तुम्ही म्हणाल घरचं सोडून गावभर फिरतोय. इथली कथा थोडी वेगळी आहे. सेन्सनब्रेनर महापौर असताना पन्नास-साठच्या दशकात कोलंबसने एक युक्ती केली: शहराच्या नळाचं पाणी हवं असेल तर शहरात सामील व्हा. त्यामुळे पसरणारी उपनगरं शहराच्या हद्दीत आली आणि करही इथेच राहिला. क्लीव्हलंड आकसलं, कोलंबस फुगलं. २०२० मध्ये नऊ लाखांच्या वर. पण पूर्व बाजूला इथेही तेच घडलं. हॅनफर्ड व्हिलेजमध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १९४६ नंतर छोटी टुमदार घरं बांधली होती. साठच्या दशकात आय-७० त्या वसाहतीच्या मधोमध गेला. देशासाठी लढून आलेल्या माणसाने सरकारी कर्जावर घर घेतलं, हप्ते फिटायच्या आत सरकारी रस्ता दारात. उरलेली घरं अजून उभी आहेत, आय-७० वरून जाताना आवाज अडवणाऱ्या भिंतीमागे.

आणि एक ठिकाण असं की जे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, पण बघितलं नाही. हाय स्ट्रीटने कन्व्हेन्शन सेंटरकडून शॉर्ट नॉर्थला चालत जा. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, दुकानं, खानावळी. तुम्ही त्या वेळी आय-६७० वरून चालत असता! २००४ मध्ये पुलाच्या दोन्ही कडांना आणखी दोन पूल जोडून त्यावर दुकानं बांधली. खांबांची घडण जुन्या युनियन स्टेशनच्या कमानींवरून घेतली आहे. ते स्टेशन सत्तरच्या दशकात पाडलं, एक कमान तेवढी वाचली. अभियंता म्हणून सांगतो, गाड्यांच्या वर इमारत बांधायची म्हणजे आग, धूर, हवा खेळती ठेवणं, वजन, सगळाच त्रास, आणि जमिनीवरच्या दुकानापेक्षा खर्च जास्त. पण त्या झाकणाने काय केलं ते पाहा: पूर्वी त्या उघड्या पुलावरून संध्याकाळी चालायला लोक नको म्हणत, आता तिथे टेबल मिळायला थांबावं लागतं. सिनसिनाटीने फोर्ट वॉशिंग्टन वे हा महामार्ग २००० पर्यंत अरुंद करून खोल नेला, वर झाकण टाकता यावं म्हणून पायाचे खांबही तेव्हाच पुरून ठेवले. झाकण अजून टाकायचंय.

तिथेच आता मोठं काम सुरू होतंय, ओहायो नदीवरच्या ब्रेंट स्पेन्स पुलाचं. १९६३ चा दुमजली पूल, दिवसाला ऐंशी हजार गाड्या धरून बांधलेला, जातात त्याच्या दुप्पट. मूळच्या तीन मार्गिकांच्या ऐंशीच्या दशकात चार केल्या, त्या कडेची मोकळी पट्टी खाऊन. गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन ट्रक धडकून आग लागली आणि पूल सहा आठवडे बंद राहिला. पूल हवा यात दुमत नाही. केंद्राने १६० कोटी डॉलर दिले आहेत, शेजारी दुसरा पूल होणार. भांडण आहे ते पुलाला येऊन मिळणाऱ्या रॅम्पांवरून, कारण ते उतरतात क्वीन्सगेटमध्ये. म्हणजे त्याच केन्यन-बारच्या जमिनीवर. काही नागरिक आणि वास्तुरचनाकार म्हणाले, रॅम्प आवळून घ्या, जुन्या गल्ल्या परत जोडता येतील. राज्याच्या परिवहन खात्याने आराखडा थोडा बदलला, शहराला सुमारे दहा एकर परत मिळतील. आणखी मागण्या आहेत. या वेळी माणसं रेषा सुकायच्या आत आली, निदान काही.

डेटन आणि टोलीडोचं आज सोडतो, वेळ झाली. पण ॲक्रनचं विचारलंय, ते सांगितल्याशिवाय खाली बसता येणार नाही. मगाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: चुकलेला महामार्ग काढून टाकता येतो का?

येतो. ॲक्रनने सत्तरच्या दशकात इनरबेल्ट नावाचा महामार्ग बांधला, पुन्हा कृष्णवर्णीय वस्तीतूनच, घरं आणि दुकानं काढून. तो पलीकडच्या रूट ८ ला मिळणार होता, कधी मिळालाच नाही. गाड्या अपेक्षेच्या मानाने फारच थोड्या. शेवटी गेल्या दशकात शहराने त्याचा एक तुकडा वाहतुकीला बंद केला, आणि सुमारे तीस एकर जमीन मोकळी झाली. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर कुंड्यांतली झाडं आणून तात्पुरतं जंगल उभं केलं होतं. पुढे केंद्राने आराखड्यासाठी ९,६०,००० डॉलर दिले. मग शहराने जुन्या रहिवाशांना शोधून त्यांची मतं घ्यायला सुरुवात केली, कुणाचं घर कुठे होतं, दुकान कुठे होतं.

खरा पेच पुढे आहे. खोल खणलेला महामार्ग नुसता बंद करून भागत नाही, भराव घालावा लागतो, गटारं आणि पाण्याचे नळ नव्याने टाकावे लागतात, पूल उतरवावे लागतात. ते तंत्र आपल्याला येतं. पण भरलेल्या जमिनीवर पहिला हक्क कुणाचा? शहर म्हणतं घरं बांधू, विकसक म्हणतात बाजारभावाने द्या, आणि ज्यांची घरं गेली त्यांची मुलं-नातवंडं म्हणतात, आमच्या आजोबांना तेव्हा जो भाव मिळाला त्या भावाने आम्हाला द्या. अजून यावर निर्णय झालेला नाही. बैठका होतात, पालिकेच्या संकेतस्थळावर तारखा लागतात, बोलायला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. ॲक्रनमधल्या आपल्या मंडळींनी जाऊन यावं. मागच्या रांगेत बसलात तरी चालेल, पण बोलायचं असेल तर नाव कधी नोंदवायचं ते आधी विचारून घ्या.